'नकार दिला'

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या निवाऱ्याच्या रजिस्टरमध्ये एका माणसाच्या नावापुढे 'इंजेक्शन घेण्यास सांगितले, नकार दिला' अशी ओळ आहे. ती मी तो वारल्यानंतर लिहिली. त्यानं नकार दिला नव्हता.

कुडव्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या रिकाम्या जागेत टिनाचं शेड टाकून मी जखमी कुत्री, गाई ठेवतो. वस्तीतल्या काहींना ते पहिल्यापासून खुपतं. म्हणून मी कागद पक्के ठेवले. जनावराला कोणी हात लावला, कोणाला चावलं, लाळ कुठे लागली, इंजेक्शन घेतलं का, सगळ्याचे रकाने. भिंतीवर नियम चिकटवलेले.

तो आमगावकडच्या एका खेड्यातून गाडीवर यायचा. धानाची शेती करणारा, माझ्याच वयाचा. ढोराच्या घशात काही अडकलं की आसपासच्या गावांतून त्यालाच बोलावणं यायचं. कोपरापर्यंत हात घालून तो चिंधी म्हणा, प्लास्टिकची पन्नी म्हणा, अलगद काढायचा.

कापणीच्या दिवसांत आमच्याकडे एक कालवड आली. तोंडातून लाळेची तार, मान ताणलेली, चारा गिळवत नव्हता. मी त्याला फोन केला. विळा ठेवून तो तसाच आला. बोटांवर विळ्याचे ताजे ओरखडे होते. ते मी पाहिले होते.

"मोजे कुठी हायेत जी?"

हातमोजे कपाटात होते आणि किल्ली दुकानात. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.

"दोन मिनिटांचं काम, घाल हात," मी म्हणालो.

"तुमच्याच भितीवर त लिवलं हाय, मोज्याबिगर हात लावू नोका!" तो हसला.

"ते लोकांसाठी आहे रे. तू काय लोक आहेस?"

त्याला ते आवडलं. त्यानं हात घातला, चाचपला, बाहेर काढला. "काईच नाई जी. घसा मोकळा हाय." बादलीत हात धुऊन तो शेतावर परत गेला.

तिसऱ्या दिवशी कालवड मेली. डॉक्टर म्हणाले, पिसाळलेली असावी, हात लावलेल्या सगळ्यांनी इंजेक्शनं घ्या. मी फक्त दोर धरला होता. तरी त्याच दुपारी पहिलं घेतलं आणि पुढचीही एक न चुकवता घेतली.

त्यालाही फोन केला.

"धान कापून रायलो जी. कालवड कशी हाय?"

"गेली."

"अरेरे! कायनं जी?"

'पिसाळलेली' हा शब्द उच्चारला की संध्याकाळपर्यंत त्याचं गाव आणि दुसऱ्या दिवशी माझी वस्ती पेटणार, शेड बंद पडणार, हेच माझ्या डोक्यात होतं. "अशक्त होती," मी म्हणालो. "तू एखादं इंजेक्शन घेऊन घे दवाखान्यात."

"कायले जी?"

"असंच. बोटं कापलीत ना, धनुर्वाताचं."

"कापणी होऊ द्या मंग."

"बरं," मी म्हणालो.

कापणी झाली, मळणी झाली. मी पुन्हा फोन केला नाही.

पुढे महिन्या-दीड महिन्यानं त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊ, यायले पाणी गिळता येऊन नाई रायलं. गिलास पाह्यला का दचकून रायले." चार दिवसांत तो गेला.

आरोग्य खात्याचे चौकशीचे साहेब यायच्या आधी मी रजिस्टर उघडलं. त्याच्या नावापुढचा रकाना रिकामा होता. साहेबांनी ओळ वाचली आणि म्हणाले, "तुमच्याकडून तर सगळं व्यवस्थित आहे."

पुण्यानुमोदनाला, त्याला आदरांजली वाहायला, लोक एकेक करून उठून बोलत होते. मीही उठलो. "जिद्दी माणूस. आम्ही सांगितलं होतं, पण..." एवढंच बोललो. समोर बसलेली त्याची बायको मान डोलावत होती.

त्यानंतर नवीन मदतीला येणाऱ्यांना मी ते पान दाखवू लागलो. न ऐकल्यानं काय होतं, म्हणून. मागच्या वर्षी असाच दाखवत होतो, तेव्हा वहिनी, त्याची बायको, दारात उभ्या दिसल्या. जनावरांसाठी तणस घेऊन आल्या होत्या. मी थांबलो.

"थांबले काऊन जी? सांगा ना," त्या म्हणाल्या. "त्यायनं तुमचं आयकलं असतं त आज राह्यले असते. मी फोटोलेबी तेच बोलून रायली. पोरगी त म्हणते, बाबानं आपला इचारच नाई केला."

मी त्यांच्याबरोबर तणसाचे भारे उतरवले. मग चहा सांगितला. त्यांनी घेतला आणि गेल्या. ते पान मी त्यानंतर कोणाला दाखवलेलं नाही, पण फाडलेलंही नाही.

त्या घराला मी एक खरी गोष्ट देणं लागतो. आईसमोर आणि मुलीसमोर, माझ्या तोंडानं. त्यानं नकार दिला नव्हता, मी त्याला धोका सांगितलाच नव्हता. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.