भैरवीची मैत्रीण

रविवारी होस्टेलच्या खोलीत आम्ही फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो. त्यात मी भैरवी नावाची चेटकीण असते. ती राजालाही उलट उत्तर देते. वर्गात मात्र माझी गावाकडची बोली ऐकून कुणी हसेल, म्हणून मी गप्पच बसते.

काल मेसमध्ये आमच्यासोबत खेळणाऱ्या सायलीने हाक मारली, "ए भैरवी, इकडे बस ना!" शेजारणीला माझी ओळख करून देताना ती अडखळली. "ही आपली... अगं, तुझं खरं नाव काय गं?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. माझं सगळं धाडस मी भैरवीला देऊन टाकलं होतं. लोकांनी मैत्रीही तिच्याशीच केली. त्यांचं काय चुकलं?

मी नाव सांगितलं. इतक्या हळू, की सायलीला पुन्हा विचारावं लागलं.