मोबाईलमधली मेंढरं

वच्छलाबाईला कुणी विचारलं, बाई, तुम्ही करता काय, तर ती दोन कामं सांगायची. एक, गारखेड्यात एका घरी पोळ्या-भाकरी करते. दुसरं, मेंढरं राखते. आता मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या मागं, पत्र्याच्या दोन खोल्यांत मेंढरं कुठून आली? ऐकणारा हसायचा. हसेना का! मेंढरं होती, चांगला मेंढवाडा भरून होती. फक्त ती मोबाईलमध्ये होती.

साठीला आलेल्या बाईला हे काय खूळ, असं म्हणू नका. त्या घरात खूळ नव्हतं कुणाला ते सांगा! लेक शिवशंकर शेंद्र्याच्या कारखान्यातून आला की खाटेवर उताणा पडून बंदुकांचा खेळ लावायचा. कानात बोंडं घालून तिकडच्या दोस्तांशी आरडाओरडा. ऐन गोळीबारात नेट अडकलं की असा बोंबलायचा की शेजारच्या साळूबाईला वाटावं, घरात डोकी फुटली. “अरे, उभ्याउभ्या मारला ना! नेटच्या बैलाला!” पलीकडचे चोर आहेत, काहीतरी लावून भिंतीतून बघतात, ही त्याची रोजची तक्रार. सून दिपाली रंगीत गोळ्या जुळवायची. तिचे जीव संपले की खेळ आपला गप्प बसायचा, आणि नवा जीव मिळेपर्यंत ही भांडी आपटायची. एवढा वैताग येतो तर खेळता कशाला, म्हणून विचारलं तर दोघंही खेकसायची.

वच्छलाबाईचा खेळ म्हणजे ‘हिरवं रान’. रान नांगरा, पेरा, जनावरं पाळा. त्यात तिनं बाकी काही केलं नाही, नुसती मेंढरं वाढवली. खेळ पावलोपावली हिरे मागायचा, आणि हिरे म्हणजे पैसे. ते नसले तर जाहिराती बघा. बाईनं दोन वर्षं बसून जाहिराती बघितल्या हो! केस काळे करायच्या, फ्लॅटच्या, कर्जाच्या. एकेका जाहिरातीला शिव्या घालत तिनं एकेक कोकरू जमवलं. प्रत्येकाला नाव देता येत होतं. ही सांगायची, दिपाली टाइप करायची. हरणी, बांडी, भुरी, कानोली, लंगडी.

नावं काही हवेतून आली नव्हती. पाचोडच्या अलीकडं त्यांचं गाव. मागच्या मोठ्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, चारा सरला, आणि नवऱ्यानं, मुंजाबानं, सगळा कळप पाचोडच्या बाजारात उभा केला. टेम्पोवाल्याला घाई होती. पाय धरून धरून मेंढरं वर चढवली. वच्छलाबाई तेव्हा रडली नाही. रडायला उसंतच मिळाली नाही तिला. पुढल्या साली मुंजाबा गेला, लेकानं आईला शहरात आणलं, आणि तिथंही बाई कोरड्या डोळ्यांनी भाकऱ्या थापायला लागली.

ती ज्यांच्याकडं कामाला जायची त्या दमयंतीताई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्याही हाच खेळ खेळायच्या. ओट्याशी एक आणि डायनिंग टेबलाशी एक, अशा दोघींच्या रोज गप्पा चालायच्या. ताईंचं रान मोठं टुमदार, पण त्या एका जागी अडकल्या होत्या. खेळात जत्रा लागली होती. रविवारच्या आत ज्याचं पीक जास्त त्याला दगडी विहीर बक्षीस. ताईंना खत कमी पडत होतं, आणि खेळ पुन्हा हिरे मागत होता.

“लुटारू आहेत मेले!” शनिवारी सकाळी ताई वैतागून म्हणाल्या. मग थोडं थांबून, “वच्छलाबाई, तुमचा कळप एक रात्र माझ्या रानात बसवता का हो? तेवढं खत झालं की झालं माझं काम.”

बस. ताई सहज बोलून गेल्या, पण त्यांनी नेमका तो शब्द वापरला. धनगराच्या घरात ‘मेंढरं बसवता का’ असं कुणी विचारलं की नाही म्हणायची रीत नाही. रात्रभर कळप शेतात बसतो, लेंडीखतानं रान कसदार होतं. त्याच्या बदल्यात शेतवाला दाणे देतो आणि आपल्या विहिरीवर मेंढरांना पाणी दाखवतो. हे काही कुणी बोलून ठरवत नाही. ज्याचं रान त्याचं पाणी, एवढं तर शेंबडं पोरही जाणतं. वच्छलाबाईचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्याकडं मेंढरं मागितली होती.

तिच्या जुन्या मोबाईलवर जत्रा उघडत नव्हती, म्हणून ताईंनी तिचं खातं आपल्याच मोबाईलवर उघडलं. त्याला ओटीपी लागला. शिवशंकरनं आईला बजावून ठेवलं होतं, देव आला तरी ओटीपी सांगायचा नाही. बाईनं आकडे घडाघडा वाचून दाखवले, आणि तिचा कळप ताईंच्या रानात जाऊन बसला.

रविवारी तिला सुट्टी. सकाळी चहाआधी तिनं मोबाईल उघडला, तर म्हणतो, तुमचं खातं दुसऱ्या मोबाईलवर चालू आहे. बरं, असू दे. तिनं दिपालीचा मोबाईल मागितला. त्यातून पाहुणं म्हणून कुणाच्याही रानात डोकावता यायचं. दिपालीनं ताईंचं रान काढून दिलं. पीक कसं, हिरवंगार! कोपऱ्यात नवीकोरी दगडी विहीर. आणि विहिरीला लागून तिचा कळप उभा. एकूणएक मेंढराच्या डोक्यावर निळा थेंब.

“अगं माय!” वच्छलाबाई ओरडली. “पाणी दाखवलं नाय बया ह्यांना!”

निळा थेंब म्हणजे एक पाळी चुकली. दुपारपर्यंत दुसरी चुकली की कळप रान सोडून जाणार, हा खेळाचा नियम. आणि पाहुण्याला नुसतं बघता येतं, पाणी पाजता येत नाही. बाईनं तरी विहिरीवर बोट दाबून बघितलं. पुन्हा दाबलं. काही होईना. तिनं ताईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

“शंकर, ऊठ! गाडी काढ!”

रात्रपाळी करून आलेला शिवशंकर कूस बदलून म्हणाला, “काय झालं?” सगळं ऐकल्यावर मात्र ताडकन उठून बसला. “ओटीपी दिला? आये, तुला म्हणलं नव्हतं? आन् मेंढरासाठी गारखेड्याला जातीस? येडी झाली का तू?”

“तुझा माणूस मरतो तवा तू गल्ली डोक्यावर घेतो, ते चालतं व्हय?” ती म्हणाली आणि पायात चपला सरकवून निघाली.

शेअर रिक्षा मिळाली, पण पुढं रस्ता खोदलेला. शहराला पाणी आणायच्या नव्या पाइपासाठी म्हणे. माणूस आत उभा राहील एवढाले पाइप रस्त्याकडेला कोरडे ठणठणीत पडले होते, आणि त्यांच्यापायी गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षावाला बिडी पेटवून निवांत. “अम्मा, उडके तो नहीं जा सकते ना,” तो म्हणाला. वच्छलाबाईचा जीव नुसता खालीवर होत होता. तिच्या डोळ्यांपुढं हरणी दिसत होती, आणि ती चित्रातली होती की खरी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी ती उतरली आणि उन्हातून चालत सुटली. नव्या इमारतींच्या गल्ल्या सगळ्या सारख्याच. एकदा चुकली, मागं फिरली.

ताईंच्या इमारतीपुढं टँकर उभा, आणि त्याच्याभोवती ही गर्दी! बादल्या, पिंपं, टब. आठवडा झाला, नळाला पाणी नव्हतं. मधोमध दमयंतीताई पदर खोचून टँकरवाल्याशी भांडत होत्या. त्यांची नजर हिच्यावर गेली.

“वच्छलाबाई! देवासारख्या आलात. धरा, हा पाइप धरा आधी.”

“ताई, मोबाईल कुठंय तुमचा? मेंढरं...”

“वर आहे मोबाईल. धरा हो, सांडतंय!”

आणि पाइप तिच्या हातात आला. पाणी धो धो वाहत होतं. आता इथं दुसरं कुणी असतं तर पाइप टाकून जिना चढलं असतं. वच्छलाबाईला ते जमेना. ज्या बाईनं कळशीभर पाण्यासाठी मैल तुडवले तिच्या हातून वाहता पाइप जमिनीवर टाकवत नाही. तिनं ताईंचं एक पिंप भरलं, दुसरं भरलं, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचा टब भरला. भरताना ती सूर्याकडं बघत होती आणि पुटपुटत होती, आले गं, आले.

हात मोकळा झाला तशी ती जिना चढली. ताईंचे यजमान, केशवराव, दार उघडून म्हणाले, “मोबाईल ना? चार्जिंगला आहे. पण तिचं कुलूप मला कुठं माहीत?” मोबाईल समोर होता आणि त्याला नुसतं बघत बसायचं. धापा टाकत ताई आल्या. ओली बोटं पदराला पुसून कुलूप काढलं, खेळ उघडला. पडद्यावर आलं, नवीन आवृत्ती उतरत आहे, कृपया थांबा.

“आत्ताच मेलं ह्याला सुचतं!” ताई चिडल्या.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. अर्ध्यावर येऊन ती थांबलीच. केशवराव आत जाऊन वायफाय बंद-चालू करून आले. वच्छलाबाई खुर्चीवर बसली नाही, बसा म्हणलं तरी. पट्टी भरली, रान उघडलं. पीक होतं, विहीर होती. मेंढरं नव्हती. मधोमध लिहून आलं होतं, आणि ते ताईंनी वाचून दाखवलं. पाण्याअभावी कळप रान सोडून गेला आहे.



“पाणी काहून नाय दाखवलं, ताई?” वच्छलाबाईचा आवाज चढला. या घरात तो पहिल्यांदाच चढला होता. “काल सांजच्याला नाय, आज सकाळी नाय. बसवून घेतली ना तुम्ही? खत घेतलं ना?”

“अहो, तुमची मेंढरं, मला वाटलं तुम्हीच पाजाल! मला काय माहीत?”

“ज्याच्या रानात बसली त्यानंच दाखवायचं असतं. हे काय सांगावं लागतं व्हय?”

बोलली आणि मग तिच्याच ध्यानात आलं. सांगावं लागतं. इथं सांगावंच लागतं. या शहरात हे कुणाला ठाऊकच नाही, आणि तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

दमयंतीताई वाईट बाई नव्हत्या. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी घाईघाईनं चष्मा लावला. खाली बटण होतं, हिरे देऊन कळप परत बोलवा. त्यांनी कुणाचंही न ऐकता आपल्या खात्यातून पैसे भरून टाकले. टुणकन वाजलं आणि रान मेंढरांनी भरलं. जेवढी गेली तेवढी आली.

“बघा, आली की नाही सगळी! उगीच जिवाला घोर लावून घेतलात.”

वच्छलाबाईनं मोबाईल हातात घेतला. एका मेंढरावर बोट ठेवलं. नाव नाही. दुसऱ्यावर ठेवलं. तिथंही नाही.

“ही मपली नायत.”

“अहो, तीच आहेत. नावं तेवढी पुसली गेली असतील. सांगा तुम्ही, मी घालते परत.” ताई बोट उचलून तयार बसल्या. “पहिलं काय होतं? हरणी ना?”

“कोणचीला घालता हरणी?” वच्छलाबाई म्हणाली. “वळखून दाखवा मला. कोणची हाये हरणी ह्यात?”

ताईंनी पडद्याकडं बघितलं. सगळी पांढरी, सगळी एकसारखी, सगळी मान खाली घालून चरत होती. ताईंना सांगता येईना, आणि खरं म्हणजे वच्छलाबाईलाही येईना. कधीच आलं नसतं. नाव पुसलं की सगळी एकच, ती आधीपासूनच तशी होती.

मग मात्र बाई रडली. हुंदके देऊन नव्हे, मोठ्यानं गळा काढून रडली, गावाकडं मयताला रडतात तशी. केशवराव पाण्याचा पेला घेऊन आले आणि तसेच उभे राहिले.

“मपली गेली, ताई,” ती म्हणाली. “लई आधीच गेली. टेम्पोत मीच चढवली की त्यांना, ह्या हातांनी. मग इतके दिस मी कुणाला पाणी दाखवू ऱ्हायले व्हते?”

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खालून टँकर निघाल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ताईंनी हळूच विचारलं, “मग बंद करून टाकू का हे खातं? तुम्ही म्हणाल तसं.”

वच्छलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पडद्यावरच्या मेंढरांच्या डोक्यावर पुन्हा निळे थेंब यायला लागले होते.

“बंद कशापायी? मुकी जनावरं हायेत,” ती म्हणाली. “ठेवा तुमच्याकडंच. पर रान तुमचं हाये, ताई. आता तुम्ही पाजायचं.”

दमयंतीताईंनी मान हलवली आणि विहिरीवर बोट दाबलं. एकेक थेंब जायला लागला. कळपातलं शेवटचं मेंढरू पिऊन होईस्तोवर वच्छलाबाई त्यांच्या खुर्चीमागं उभी राहिली, आणि मग चपला घालून जिना उतरली.