केसरबाईची पोच

"मला पोच न्हाई म्हन्ता ना सायेब, मंग द्या की एक!" असं केसरबाई भर कचेरीत म्हणाली, तेव्हा हसावं की चिडावं ते बद्रीनाथ कारकुनाला कळेना.

त्याचं असं झालं. दुष्काळाच्या साली चकलांब्यात माणसांनाच टँकरचं पाणी, म्हशीला कुठलं? केसरबाईनं म्हैस गोदाकाठी माहेरी धाडली. पावसानंतर ती परतली, तेव्हा केसरबाई चरवी घेऊन दूध संस्थेत गेली. सचिव तात्याबा मान खाली घालून म्हणाला, "काकू, चार महिने दूध न्हाई, म्हनून तुमचं नाव कमी केलंय. सभासद नसलेल्याचं दूध घेता येत न्हाई."

"माहेरपनाला म्हैस गेलती, अन् नाव माजं कापलं व्हय रे?"

चरवीतल्या दुधावर सकाळचं ऊन पडलं होतं. ते तसंच घेऊन ती घरी आली. दुसऱ्या दिवशी गेवराईच्या वाहेद वकिलाकडून अपील लिहून घेतलं आणि सहकार खात्याची कचेरी गाठली.

बद्रीनाथ कागदाला हात लावीना. "असलं अपील बसत नाही."

"मंग उभं ऱ्हाऊ द्या. शिक्का मारून पोच तेवढी द्या."

"बाई, तुम्हाला काही पोच आहे का?"

त्यावर तिनं ते उत्तर दिलं. पोच मात्र मिळाली नाही. पाच खेपा झाल्या. कागद घेतलाच नाही, की नाही म्हणायचेही कष्ट वाचतात.

शेवटी वाहेदनं औरंगाबादला हायकोर्टात धाव घेतली. कोर्टानं म्हशीचं काही विचारलं नाही. अपील मंजूर करा की फेटाळा, ते कचेरीनं ठरवावं. पण आठ दिवसांत ते दाखल करून घ्यावं, एवढाच हुकूम दिला.

"म्हंजी जितलो का हरलो?"

"मावशी, कुस्ती अजून व्हायचीय. आखाड्यात उतरू दिलंय."

"तेवढंच तर मागत होते की मी!"

त्या रात्रीच तिनं संस्था घेत नसलेलं दूध आटवून पेढे केले आणि सकाळी शेजारच्या अजमतबीला घेऊन कचेरीत गेली. बद्रीनाथनं शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. समोरचा पेढा तोंडात टाकत तो म्हणाला, "काकू, आली हो तुम्हाला पोच!"

सगळी कचेरी हसली. अजमतबी पदर तोंडाला लावून उत्तराची वाट बघू लागली. केसरबाईनं कुणाचं बोलणं आजवर कधी वर राहू दिलं नव्हतं.

केसरबाईनं ओल्या शिक्क्यावर फुंकर घातली. कागदाची घडी केली, चोळीत खोचली, आणि हसत, एक शब्द न बोलता बाहेर पडली.