फाईल सापडली नाही

एकट्या माणसाकडे किस्से लवकर साठतात, कारण ते सांगायला समोर कोणी नसतं! दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडला भाड्याची खोली आणि काम काय, तर शहापूर-मुरबाडच्या शाळांतले लिनक्सवाले कॉम्प्युटर चालू ठेवायचे. धड्यांची सीडी दर महिन्याला पोस्टानं शाळेत जायची. ती लावली की इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट सुरू. सिस्टमची एखादी सेटिंग फाईल जागेवर नसली की स्क्रिप्ट अडायची: ‘फाईल सापडली नाही.’ मग मला फोन, आणि मी एसटीत.

*

शहापूरजवळच्या एका हायस्कूलमध्ये निम्म्या सेटिंग फाईली गायब! क्लार्क शांतपणे म्हणाले, “तपासणी होती ना साहेब, दप्तर साफ केलं.”

“पण ह्याच फाईली का काढल्या?”

“एकीवर पन आवक नंबर नव्हता. बिननंबरी कागद आमी ठेवत नाय!”

*

सिद्धगडच्या पायथ्याच्या गावात रेंज फक्त टेकाडावर. ऑफिसला सांगायचा म्हणून एरर पुटपुटत चढत होतो. मोळी घेऊन उतरणाऱ्या मावशींनी अडवलं.

“काय सापडत नाय रे बाबा?”

“फाईल, मावशी.”

“बायकोला इचार. तिनंच ठेवली असल.”

“बायको नाही.”

“मंग कशी सापडल!”

हसलो. वर पोचेपर्यंत एरर विसरलो होतो.

*

उंबरमाळीकडच्या शाळेत मशीनचं नाव ठेवणारी फाईलच पाचही कॉम्प्युटरांत नव्हती. घाईघाईत एकच फाईल पाचांत कॉपी केली. स्क्रिप्ट सुटली, पण एकाच नावाच्या पाच मशीन नेटवर्कवर भांडायला लागल्या! शिपाईकाका बघत होते. म्हणाले, “आमच्या पाड्यात पाच मंगळ्या हायत. कवा भांडले नाय!”

*

मशीनवर आत्ता कोण कोण आहे, हे विचारायची एक कमांड असते. खोलीवर मी ती उगाच द्यायचो. रोज एकच नाव, माझं. एका रविवारी दोन नावं आली! नीट पाहिलं, तर दुसऱ्या विंडोतही मीच होतो. त्या दिवशी फार एकटं वाटलं.

*

डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर एकच गुरुजी होते. भातकापणी झाली की माणसं पोराबाळांसकट कामाला बाहेर जायची. शाळेत उरायचे गुरुजी आणि कॉम्प्युटर. दर महिन्याला तिथं तीच फाईल गायब व्हायची. मी जायचो, फाईल बनवायचो, धडे चढवायचो. मग नाचणीची भाकरी, चहा आणि शेवटच्या एसटीपर्यंत गप्पा. महिनाभर मी त्याच दिवसाची वाट बघायचो.

चौथ्या खेपेला मशीननं जपलेली जुन्या कमांडची यादी पाहिली. शेवटची कमांड गुरुजींनीच दिलेली होती, ती फाईल डिलीट करायची. मी यादी बंद केली आणि भाकरी खायला बसलो.

मग ऑफिसनं दुरुस्तीची सीडी पाठवली. धडे चढवून झाल्यावर मी ती बॅगेतून काढली. “गुरुजी, आता फाईल नसली तरी स्क्रिप्ट स्वतःच बनवून घेईल. मला यायची गरज नाही.”

गुरुजींनी सीडीकडे पाहिलं. मग म्हणाले, “ती सीडी इथं चालायची नाय. ड्राइव्ह खराब हाय.”

पाचच मिनिटांपूर्वी त्याच ड्राइव्हमधून धडे चढवले होते.

मी सीडी बॅगेत ठेवली आणि रिपोर्टवर लिहिलं, ‘ड्राइव्ह खराब. दर महिन्याला प्रत्यक्ष भेट आवश्यक.’

गुरुजींनी खाली सही केली आणि शाळेचा शिक्काही मारला.