अळिवाची वाटी

अळिवाच्या खिरीचा वास घरभर पसरलाय आणि मला एका जागी बसवत नाहीये. आतल्या खोलीत नुकतीच बाळंत झालेली माझी लेक सारख्या फेऱ्या मारतेय.

बोरिवलीच्या ह्याच घरात हिच्या वेळी मीही अशीच फिरायचे. मुशी माशाचं कालवण, अळीव, डिंकाचे लाडू, जे यायचं ते “खा, बाळाला दूध येईल” म्हणतच यायचं. माझ्या मात्र घशाखाली घास उतरत नव्हता. झोप उडालेली, छाती उगाच धडधडायची.

एका दुपारी मोठी जाऊ ताट घेऊन आली. गरम वरणभात, वर तुपाची धार. माझ्यासमोर बसकण मारून म्हणाली, “दूधबीध राहू दे गं. तुला भूक नाही का लागत?”

मी रडत रडत ताट चाटूनपुसून खाल्लं आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपले. तेव्हा वाटलं, भाताची गुंगी असेल. आता तसं वाटत नाही.

वाटी घेऊन मी दाराशी जाते.

“खा गं, बाळाला दूध...” मी जीभ चावते. “ते जाऊ दे. तू जेवलीस का?”

आतली पावलं थांबतात.

“नाही गं आई. कालपासून नाही.”