गल्लीनं बंद ठेवलेलं नेट

"तुमच्या गावाकडचं नेटच तसलं," असं पुण्याचा साहेब तिसऱ्यांदा म्हणाला, तवा मले लय राग आला. पण खरं सांगते, ते मले पटलंही होतं. तेच आज जास्त झोंबते.

आईच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी आमच्या गावी, जऊळक्याले, घरूनच काम करत होती. काम घरांचे नकाशे काढाचं. लिनक्सचं मशीन, म्हंजे कॉम्प्युटर, पुण्याच्या हापिसात, अन् त्याचा पडदा नेटावरून माह्या लॅपटॉपवर. पडदा कायचा, नुसता चिखल! रेघ ओढली का चार सेकंदानं उमटे. आकडे असे फुटत का तीन हाय का आठ, कळे नाई. साहेबानं बजावलं, पुढच्या शुक्रवारपर्यंत सुधारलं नाई तं पुण्याले या, नाईतं नोकरी सोडा. अन् आईले उठवाले-बसवाले घरात माह्याशिवाय कोणी नाई.

आईनं हे शेजारच्या काकूले सांगितलं, काकूनं गल्लीले. एकानं तोटी बंद केली का दुसऱ्याच्या नळाले धार येते, तसंच नेटाचं असन, असं साऱ्यायले वाटलं. झालं! दहा ते दोन अख्ख्या गल्लीचे मोबाईल बंद. नको म्हणाले पाह्यजे होतं मी. पण म्हटलं नाई. पडला फरक तं पडला, असं वाटलं.

सहा दिवस काडीचा फरक नाई. गुरुवारी मी त्याच मशीनले चित्र नसलेल्या, नुसत्या अक्षरांच्या खिडकीतून जोडून पाह्यलं. बोट उचलाच्या आत अक्षर हजर! मंग नेट कुठं मेलं होतं? हापिसातल्या मैत्रिणीले म्हटलं, तू तिथूनच जोडून पाह्य, तिथं मधात गावाचं नेट नाई. तिचाही पडदा तसाच रखडे. माही तळपायाची आग मस्तकात गेली. हापिसातल्या सिस्टीमवाल्याले तपासाले लावलं, तं त्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड, म्हंजे चित्र रंगवणारा भाग, कोणी चालूच केलं नव्हतं. सारा पडदा एकटा प्रोसेसर रंगवून राह्यला होता, अन् वरून पडद्यावरच्या खिडक्यायच्या सावल्या अन् त्यायचे सरकाचे नखरे. सिस्टीमवाल्यानं कार्ड चालू केलं, नखरे बंद केले. दहा मिनिटं लागली भैताडाले. रेघ माउसासोबत धावू लागली.

साहेबाले फोन लावला. "सर, तुमाले नाचता येईना, अन् आंगण आमचं वाकडं काहून?"

"बरं बरं, झालं ना आता? करा घरूनच," म्हणाला. एका शब्दानं माफी नाई.

तशीच काकूकडे गेली. म्हटलं, मोबाईल चालू करा, नेटाचा दोषच नव्हता. काकूचा पोरगा ऊसतोडीले गेलेला, त्याले फुरसत फक्त दुपारी एकच्या जेवणाले, अन् तीच वेळ होती. काकूनं तवाच त्याले व्हिडिओ लावला. पडद्यावर तिची नात उसाच्या पाचटातून तुरुतुरु चालत आली. काकू पाह्यतच राह्यली.

"कवा चालाले लागली रे?"

"चार दिवस झाले, माय. पह्यलं पाऊल टाकलं तवा दाखवाले किती फोन लावले तुले."

काकूनं पदरानं डोळे पुसले अन् माह्याकडे पाहून म्हणाली, "जाऊ दे वं बाई, तुही नोकरी तं वाचली."

मले शिवी दिली असती तं बरं झालं असतं.