रक्ताला आगाऊ सूचना

अख्ख्या पार्ल्यात स्वतःच्या रक्ताशी थेट बोलणं-चालणं असलेला एकच गृहस्थ होता, आणि तो आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचा. इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांची बोटं टोचण्यात हयात घालवून हे लॅबवाले काका ऐंशीच्या दशकात निवृत्त झाले. त्यांची सुई मात्र झाली नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका काकूंच्या हातून तिळगूळ घेऊन दारातूनच सटकत, नाहीतर काका काचेच्या नळीत रंग जुळवून त्यांचं हिमोग्लोबिन चारचौघांत जाहीर करत. मला मरोळला नोकरी लागली तेव्हा मी पेढे द्यायला गेलो आणि बोट चोखत परत आलो.

त्यांचा एकुलता एक मुलगा रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात इंजिनियर, लेहला. तीन वर्षं त्याची रजा मंजूर होई आणि ऐनवेळी रद्द होई. शेवटी काकांनी ठरवलं, उन्हाळ्यात दोन महिने आपणच जायचं. तिथल्या विरळ हवेत श्वासागणिक ऑक्सिजन कमी मिळतो, मग शरीर हळूहळू तांबड्या पेशी वाढवून भरपाई करतं, हे त्यांना पाठ होतं. फक्त ती वाढ पार्ल्यातच उरकून घेता येईल असा त्यांनी समज करून घेतला. मला म्हणाले, "रक्ताला आधी कळवायला हवं ना रे. एकदम नेऊन उभं केलं तर ते बिचारं काय करणार?"

मग महिनाभर त्यांचं जेवण, पेपर आणि दुपारची झोप गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. सकाळी नाक चिमटीत धरून, तोंडाने मोजके श्वास घेत ते चार मजले चढत. समोरून येणारा दूधवाला घाबरून आपली किटली हुंगून बघे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली तेव्हा काकांनी त्यांचंच बोट धरलं आणि हरकत तिथेच मिटली. दर रविवारी काका स्वतःचं रक्त तपासत, पण आकडा हट्टाने चौदावरच. काकू स्वेटर विणता विणता म्हणत, "अहो, टाकीजवळ बसून लडाख येत नाही." काका त्याचं खापर रक्तवाढीसाठी रोज खाल्लेल्या बाजारातल्या बिटांवर फोडत.

लेहला विमानाने उतरलं की पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, हे काकांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं. पण इतकी तयारी केलेल्या माणसाला हा नियम कशाला? सामान टाकून ते मुलाला आपला दम दाखवायला टेकडीवरच्या गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पायऱ्या चढायला लागले आणि बाराव्या पायरीला खाली बसले. डोकं फुटायची वेळ आली, उलट्या झाल्या. मुलाने पाठुंगळी घेऊन घरी आणलं, आणि दोन दिवस कामावर न जाता उशाशी बसून पेज भरवली. निमूट झोपून राहिलेल्या काकू मात्र तिसऱ्या दिवशी बाजारात भाजीवालीशी घासाघीस करत होत्या. परत आल्यावर ही फजिती काका स्वतःच रंगवून सांगत. शेवटी मात्र आवाज उतरे. "बरं झालं रे डोकं दुखलं. नाहीतर तो माझ्याजवळ दोन दिवस बसला असता का?"

ते आले तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन सव्वासोळा होतं. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचं सांगावं तसं त्यांनी ते घरोघर सांगितलं. पुढच्या रविवारी सोळा, मग साडेपंधरा. खाली भरपूर हवा मिळू लागली की जादा पेशींची गरज संपते आणि शरीर त्या हळूहळू कमी करतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. तरी ते दर वेळी नळी उजेडात धरून दोनदोनदा रंग जुळवत, एखादी रेघ वर सरकतेय का ते बघत.

एका रविवारी मी गेलो तेव्हा नळी हातात घेऊन ते खिडकीशी बसले होते. चौदा आलं होतं. मी आपलं म्हटलं, काका, नॉर्मल आलं, चांगलंच की.

"चांगलंच आहे रे," ते म्हणाले. "पण आता अंगात त्याच्याकडचं काही उरलं नाही."

आयुष्यभर मी त्यांची थट्टा केली. त्या दिवशी मात्र काकूंनी चहा आणेपर्यंत मी नुसता त्यांच्याजवळ बसून राहिलो.